वरुण्याचं शहाणं बाळ

१

गुंडुरावांनी कोल्डरूमचं जाड दार ओढलं आणि आतून दाराला टेकून बसलेली शिकाऊ डॉक्टर वेदवती त्यांच्या पायांवर कलंडली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, गुडघे छातीशी घेतलेले. अंग जमिनीवर पडलं तरी त्याचा बसलेला आकार मोडला नाही.

गुंडुरावांच्या मागे उभ्या असलेल्या डॉक्टर भानुमतींनी वाकून मुलीच्या गळ्याला बोटं लावली आणि लगेच काढून घेतली. चाळीस वर्षं त्यांनी लहान मुलांवर उपचार केले होते. मेलेलं माणूस ओळखायला त्यांना वेळ लागत नसे. मुलीची नखं तुटून बोटांवर रक्त गोठलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला पत्र्यावर त्याच बोटांचे ओरखडे होते.

म्हैसूरच्या नजरबादेतलं हे बालविकास संशोधन केंद्र दिल्लीच्या पैशावर चालत असे. तरुण डॉक्टरांना शिष्यवृत्ती देऊन इथे संशोधन शिकवायचं, ही सरकारची योजना. खेड्यातल्या मुलांची वाढ कशी मोजावी, बाळ जन्मल्यावर त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन कुठला दोष आहे का ते कसं शोधावं, असलं शिक्षण. योजनेची मुदत संपत आली होती. ती वाढवायची की नाही हे ठरवायला दिल्लीहून तपासणी समिती आली होती आणि भानुमती तिच्या सदस्य होत्या. त्या मूळच्या म्हैसूरच्याच, जुन्या रंगाऱ्यांच्या घरातल्या. पण सगळी नोकरी दिल्लीत झाली. समितीतले बाकीचे लोक वर चहा घेत असताना त्यांना तळघरातली यंत्रं बघायची होती, म्हणून प्रशासकीय अधिकारी गुंडुराव त्यांना खाली घेऊन आले होते.

पाणी गोठून दगड होईल इतकी ती खोली थंड असे. रक्ताचे नमुने तिथे ठेवत. दाराचा खटका बाहेरून आपोआप बसायचा आणि आतली मूठ कित्येक महिन्यांपासून मोडलेली होती. म्हणून आत जाणारा माणूस दारात एक लाकडी स्टूल आडवं घालून जाई. ही गोष्ट केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक होती.

इन्स्पेक्टर मल्हारराव आले तेव्हा भानुमती बोळात भिंतीला टेकून उभ्या होत्या. मल्हारराव त्यांच्या धाकट्या भावाचे वर्गमित्र. घरी येत तेव्हापासून ते त्यांना अक्काच म्हणत.

"स्टूल घालायला विसरली असेल, अल्ला अक्का, नाही का?" त्यांनी कन्नड शब्द मिसळत हलक्या आवाजात विचारलं.

भानुमतींनी बोळाच्या टोकाकडे बोट दाखवलं. स्टूल तिथे, खिडकीखाली, नेहमीच्या जागी नीट ठेवलेलं होतं.

"विसरली असेल, असं म्हणू. पण दिव्याचं बटण बाहेर आहे, मल्हारराव. गुंडुरावांनी दार उघडण्याआधी ते दाबलं, तेव्हा आतला दिवा लागला. म्हणजे तो बंद होता. मिट्ट काळोखात ती आत काय शोधायला गेली असेल? ती आत असताना कुणीतरी बाहेरून दिवा विझवला आहे."

२

संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर आत शिरायच्या किल्ल्या तिघांकडेच असत. मल्हाररावांनी तिघांना एकेक करून बोलावलं आणि भानुमतींना शेजारी बसवून घेतलं. डॉक्टरी भाषा आपल्याला कळणार नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं.

पहिले आले ते केंद्राचे संचालक पद्मनाभ. ते वैद्य नव्हते. अन्नातल्या प्रथिनांवर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, आणि गेली कित्येक वर्षं त्यांचा वेळ दिल्लीला अहवाल पाठवण्यात जात होता. वेदवतीशी मागच्या आठवड्यात आपली खडाजंगी झाली हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. ठरवून दिलेली घरं सोडून ती भलत्याच घरांत शिरायची. सरकारी काम असं चालत नाही, पुन्हा असं झालं तर शिष्यवृत्ती बंद करीन, असं त्यांनी तिला चारचौघांत बजावलं होतं. काल संध्याकाळी ते घरी एकटेच आजचं भाषण लिहीत बसले होते. त्याला साक्षीदार कुणी नाही.

गुंडुरावांची अवस्था त्याहून वाईट होती. काल संध्याकाळी समितीला स्टेशनवर घ्यायला येण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ते बऱ्याच उशिरा, धापा टाकत आले होते, हे भानुमतींनी स्वतः पाहिलं होतं. उशीर का झाला, असं मल्हाररावांनी विचारल्यावर त्यांनी आधी गर्दीचं कारण सांगितलं. मग बायकोच्या दुखण्याचं. मग तेही मागे घेतलं.

तिसरा नागराज. हूटगळ्ळीत नव्या वसाहतीत राहणारा, शिंप्याच्या घरातला मुलगा. बालरोगशास्त्रात त्याने सुवर्णपदक मिळवलं होतं. या योजनेतून शिकून तयार झालेला पहिला डॉक्टर तो. आता नव्या मुलांना तोच शिकवत असे. आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या शेकडो बाळांच्या टाचेचं रक्त तपासून थायरॉइडचा दोष शोधायचं काम त्याने उभं केलं होतं. एकही बाळ सदोष निघालं नव्हतं. दिल्लीत या कामाचं कौतुक झालं होतं, आणि मुदत वाढली की त्याची कायमची नेमणूक होणार होती.

तो रडत होता. वेदवती फार हुशार होती पण विसराळू, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

"काल तुमची भेट झाली होती?" मल्हाररावांनी विचारलं.

"नाही सर. परवा वर्गात भेटली, तेवढीच. काल ती खेड्यांत गेली होती, कुठे गेली, काय काम काढलं, मला काही सांगितलं नाही. मी लवकरच बस धरून घरी गेलो."

तो गेल्यावर मल्हाररावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. गुंडुराव खोटं बोलतोय अक्का, ते म्हणाले, आणि माणूस सुम्ने, उगीच खोटं बोलत नाही.

एवढ्यात शिपाई आत डोकावला. वरुणा गावाकडची एक बाई बाळ घेऊन आली होती. वेदवती डॉक्टरणीने आज सकाळी बोलावलं आहे, म्हणत होती. तिला काय सांगायचं?

३

लक्ष्मीदेवी वरुण्याजवळच्या एका वाडीत राहायची. घरी दोन म्हशी, दूध डेअरीला घालायचं, त्यावर संसार. तिला कन्नडच येत होतं. वेदवती गेल्याचं कळल्यावर ती व्हरांड्यातल्या बाकावर नुसती बसून राहिली. कुंची घातलेलं, शालीत गुंडाळलेलं बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

भानुमतींनी तिला हळूहळू बोलतं केलं. ती डॉक्टरीण काल दुपारीच पहिल्यांदा भेटली, ती म्हणाली. शेजारच्या घरी कुठल्याशा मुलाचं वजन करायला आली होती. पाणी मागायला आमच्याकडे आली आणि हिला पाहून थांबली. खूप वेळ मांडीवर घेऊन बसली. मग उद्या पहिल्या बसने केंद्रात घेऊन ये म्हणाली. दिल्लीहून मोठ्या डॉक्टरीणबाई येणार आहेत, त्यांना दाखवायचंय. का ते सांगितलं नाही. पोरीला काही दुखणं नाही. नऊ महिन्यांची आहे, पण त्रास म्हणून नाही. फार शहाणं बाळ.

बोलता बोलता लक्ष्मीदेवीला रडू कोसळलं. तोंड धुवायला ती नळाकडे निघाली तेव्हा जवळ गुंडुरावच उभे होते. तिने बाळ त्यांच्या हातात दिलं. बाळ जागं झालं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प राहिलं.

भानुमतींच्या मनात चटकन काहीतरी हललं. त्यांनी मल्हाररावांना बाजूला घेतलं.

"नऊ महिन्यांचं मूल परक्याकडे जात नाही, मल्हारराव. त्या वयात त्याला आपली माणसं कळू लागतात. अनोळखी चेहरा दिसला की भोकाड पसरतं. बघा, या माणसाकडे कसं राहिलंय."

"म्हणजे गुंडुराव त्यांच्या घरी जातो?"

"ओळखीचा असल्याशिवाय असं होणार नाही."

मल्हाररावांनी तिथल्या तिथे गुंडुरावांना धरलं. वरुण्याच्या वाडीत कशाला जाता, वेदवतीने तुमचं काय बघितलं, अशी सरबत्ती केली. गुंडुरावांनी हात जोडले. मी त्या वाडीत उभ्या जन्मात गेलेलो नाही, ते म्हणाले. काल कुठे होतो ते सांगतो. मी मेकॅनिकच्या शोधात फिरत होतो. समिती खोल्या बघणार, मोडकी मूठ दिसणार, म्हणून आज सकाळी लवकर येऊन बसव म्हणून त्याच्या पाया पडलो. तो आलाच नाही. मूठ मोडलेली मला माहीत होती हे कबूल करायचं कसं? ती पोरगी त्या मुठीपायी मेली.

मल्हाररावांनी मेकॅनिकचं दुकान विचारून शिपाई पाठवला. मग बाळाला आईकडे द्यायला म्हणून त्यांनी ते गुंडुरावांच्या हातून घेतलं. खाकी कपडे, जाड मिशा, कमरेचा पट्टा, सगळं त्या चिमुकल्या तोंडासमोर आलं.

बाळ त्यांच्याकडेही तसंच बघत राहिलं. रडलं नाही, आईसाठी मान वळवली नाही.

आपण उलटं वाचलं, हे भानुमतींच्या लक्षात आलं. बाळ गुंडुरावांना ओळखत नव्हतं. ते कुणालाच ओळखत नव्हतं.

४

त्यांनी बाळाला टेबलावर निजवून शाल सोडली. कुंचीचे बंद सोडताच सुजल्यासारखा चेहरा दिसला, आणि ओठांत न मावणारी जाड जीभ. कातडी कोरडी आणि थंड. बेंबी फुगून वर आलेली. बसवलं तर मान एका बाजूला लवंडत होती. त्यांनी तळपायाला टिचकी मारली तेव्हा बऱ्याच वेळाने बाळाच्या गळ्यातून घोगरा, तुटका आवाज निघाला.

आई शेजारी उभी राहून सांगत होती, ही रात्रभर झोपते, दूध पाजायलाही उठवावं लागतं. भानुमती ऐकत होत्या आणि त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

जन्मतः थायरॉइड ग्रंथी काम करत नसेल तर मूल असंच होतं. पहिल्या काही आठवड्यांत रोजची एक साधी गोळी सुरू झाली, तर ते चारचौघांसारखं वाढतं. नाही झाली तर मेंदूची वाढ मागे पडते आणि गेलेलं सगळं परत येत नाही. त्यासाठीच तर टाचेतलं रक्त घ्यायचं. हिच्या टाचेतून घेतलं होतं का, असं त्यांनी विचारलं. घेतलं होतं, लक्ष्मीदेवी म्हणाली, जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत. नंतर निरोप आला, सगळं ठीक आहे. म्हणून पुन्हा कुणी आलं नाही.

भानुमती मल्हाररावांना घेऊन पुन्हा तळघरात उतरल्या. या वेळी हवालदाराला स्टुलावर बसवूनच त्या आत शिरल्या. फळ्यांवरच्या खोक्यांवर पांढरं दव गोठलं होतं. एकाच खोक्यावरचं दव पुसलेलं होतं, आणि त्यावर वरुणा असं लिहिलं होतं. वेदवती त्याच्यासाठीच आत आली होती.

खोक्यात जाड कागदाचे तुकडे होते. प्रत्येकावर वाळलेल्या रक्ताची गोल टिकली.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायचं तर या टिकलीतून पंचने छोटी चकती कापून काढावी लागते. तपासलेल्या प्रत्येक टिकलीला भोक हवं."

मल्हाररावांनी एकेक कागद उजेडात धरला. सगळ्या टिकल्या अखंड होत्या, शेजारच्या खोक्यांतल्याही. एकालाही भोक नव्हतं.

"म्हणजे तपासणी झालीच नाही?"

"एकाही बाळाची नाही. आणि दिल्लीला लिहून पाठवलं, सगळी बाळं निर्दोष."

मल्हाररावांनी कागद खोक्यात परत ठेवले. मग म्हणाले, हे काम नागराजचं, पण सही पद्मनाभांची. पैसे बंद झाले तर बुडणार दोघंही. भांडण पद्मनाभांनी केलं होतं. काल दोघांच्याही संध्याकाळला साक्षीदार नाही. कुणाला धरू?

"दोघांना हे बाळ दाखवू या," भानुमती म्हणाल्या. "कुणाचं, कुठलं, काही सांगायचं नाही. कुंची काढून फक्त समोर ठेवायचं."

५

पद्मनाभ बराच वेळ बाळाकडे बघत राहिले. हे अशक्त वाटतं, ते अडखळत म्हणाले. प्रथिनं कमी पडली असतील. मग ओशाळून म्हणाले, खरं सांगायचं तर मला मुलांमधलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा. कोपऱ्यात उभ्या गुंडुरावांना राहवलं नाही. आमच्या नातवासारखं नाही हे, ते पुटपुटले, काहीतरी बिघडलंय.

मग नागराजला बोलावलं. तो टेबलाजवळ आला. त्याने बाळाचं पोट चाचपलं, छातीला नळी लावली, मान हलवली. सगळं बारकाईने केलं. बाळाच्या चेहऱ्यावर मात्र त्याची नजर ठरत नव्हती.

"काय वाटतं, डॉक्टर?" भानुमतींनी विचारलं.

"विशेष काही नाही, मॅडम. जरा शांत स्वभावाचं मूल आहे. काही मुलं उशिरा बसतात. वेदवती उगीच घाबरली होती."

बाळाच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

भानुमतींनी शाल उचलून बाळावर घातली आणि मगच त्या बोलल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"नागराज, पद्मनाभांना हे कळलं नाही, कारण ते वैद्य नाहीत. गुंडुरावांनाही काहीतरी जाणवलं. आणि सुवर्णपदकवाल्या डॉक्टरला, हाच आजार मुलांना शिकवणाऱ्याला, ती जीभ दिसली नाही? न दिसणं शक्य नाही. दिसल्यावर लपवणं शक्य आहे. पण ते राहू दे. वेदवतीने हे बाळ पहिल्यांदा पाहिलं काल दुपारी. परतली संध्याकाळी, आणि रात्रीतून ती त्या खोलीबाहेर आलीच नाही. तू तर म्हणालास, परवापासून तुमची भेट नाही. मग ती या बाळापायी घाबरली होती हे तुला कुणी सांगितलं?"

नागराजने मल्हाररावांकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात हवालदार होता. नागराज खुर्चीवर बसला.

मग त्याने सांगायला सुरुवात केली ती अगदी सपाट आवाजात, वर्गात शिकवावं तशी. तपासणीची रसायनं वेळेवर आली नव्हती. आली ती खराब होती. दिल्लीला आकडे हवे होते. आकडे गेले नाहीत तर पुढच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या बंद. रसायनं आली की तपासू, तोवर निर्दोष लिहू, असं त्याने ठरवलं. मग ते तसंच राहिलं. हजारो बाळांत एखाद्याला होतो हा आजार, तो म्हणाला. आपल्या चार खेड्यांत तो निघेल असं वाटलंच नाही.

काल संध्याकाळी वेदवती धावत आली होती. रक्त पुन्हा तपासू, मी स्वतः चकती कापते, उद्या मॅडमना दाखवू, म्हणत होती. तिला त्याचा संशय आला नव्हता. यंत्राची काही चूक झाली असेल, असंच ती म्हणत होती. त्यानेच कोल्डरूम उघडून दिली.

"ती खोकं काढत होती," नागराज म्हणाला. "वरचा कागद तिने हातात घेतला. आता तिला कळणार, एवढंच मला दिसलं. मी फक्त स्टूल उचललं, मॅडम."

"आणि दिवा?"

नागराजने चेहरा दुसरीकडे वळवला.

कागद नष्ट करायचे तर पुन्हा तेच दार उघडावं लागलं असतं. ते उघडायचं धाडस त्याला झालं नाही. म्हणून वेदवतीबरोबर तेही आतच राहिले. शिपाई मेकॅनिकला घेऊन परत आला, त्याने गुंडुरावांचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं, पण तोवर त्याची गरज उरली नव्हती. नागराजला जीपमध्ये बसवताना पद्मनाभ व्हरांड्यात उभे होते. अहवालावर आपली सही आहे, हे ते मल्हाररावांना दोनदा म्हणाले. मल्हाररावांनी त्यांनाही उद्या ठाण्यावर यायला सांगितलं.

६

समितीच्या अध्यक्षांना त्याच दिवशी दिल्लीला परतायचं होतं. झालं ते भयंकर झालं, पण खात्याची बदनामी नको, असं त्यांचं म्हणणं. योजना इथेच थांबवावी, पैसे बंद करावेत, केंद्राला कुलूप लावावं. बाकीचं पोलीस बघतील. शिफारशीवर बाकीच्यांनी सह्या केल्या होत्या. भानुमतींची तेवढी सही राहिली होती.

त्यांनी सही केली नाही. त्या शेकडो बाळांचं रक्त कोण तपासणार, एवढंच त्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, ते आपल्या कक्षेत येत नाही. मग मी माझं वेगळं मत लिहून देते, त्या म्हणाल्या, आणि ते वर्तमानपत्रांनाही देते. बरीच बोलाचाली झाली. शेवटी एक वर्षाची मुदत मिळाली, ती या अटीवर की केंद्राची जबाबदारी भानुमतींनी स्वतः घ्यावी. त्यांनी भावाच्या घरी निरोप धाडला की आपण आता इथेच राहणार.

वेदवतीचे वडील मुलीला न्यायला आले तेव्हा त्यांनी मुलगी काय शोधत होती असं विचारलं. भानुमतींनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून ते मुलीला घेऊन गेले.

पुट्टीला, म्हणजे लक्ष्मीदेवीच्या बाळाला, गोळी त्याच दिवशी सुरू झाली होती. मग आठवड्याभरात भानुमती दोन शिकाऊ डॉक्टर मुलींना घेऊन वरुण्याच्या बसमध्ये बसल्या. ऊस तोडणीला आला होता. वाडीत शिरताच लक्ष्मीदेवीने त्यांना ओट्यावर चटई टाकून दिली.

ती गोळी कुस्करून दुधात कालवत होती. हात न थांबवता तिने विचारलं, ही बोलेल का?

"थोडंफार बोलेल. चालेलही, उशिरा," भानुमती कन्नडमध्ये म्हणाल्या. "किती, ते आज सांगता येत नाही."

"आणि जन्मली तेव्हाच गोळी दिली असती तर?"

बरोबरच्या मुलींनी माना खाली घातल्या. काहीतरी गुळमुळीत उत्तर देता आलं असतं. आयुष्यभर अशा वेळी भानुमतींनी कितीदा तरी ते दिलंही होतं.

"तर ती इतर मुलांसारखी झाली असती," त्या म्हणाल्या. "तुझी काही चूक नाही. आमची आहे. तुला निरोप दिला तो खोटा होता."

लक्ष्मीदेवीने बाळाला चमच्याने दूध पाजलं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. तोंड पुसलं. मग बराच वेळ ती समोरच्या उसाकडे बघत बसली. भानुमती तिथून उठल्या नाहीत. तिने शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर ते ऐकून घ्यायचं असं त्या ठरवूनच आल्या होत्या.

"या वाडीत अजून कुणाकुणाच्या पोरांचं रक्त नेलंत?" शेवटी तिने विचारलं.

बऱ्याच जणांचं, भानुमती म्हणाल्या. ते सगळं पुन्हा घ्यायचंय. पण लोक आता आम्हाला दारात उभं करतील का, ते माहीत नाही.

लक्ष्मीदेवी उठली. बाळ कमरेवर घेतलं, पदर खोचला आणि ओट्यावरून खाली उतरली.

"तुम्हाला नाही करणार," ती म्हणाली. "माझ्या मागून या."

आणि ती पुढच्या घराकडे चालू लागली, तिथल्या बाईला नावाने हाक मारत.